एक्सप्रेसचं घड्याळ

बस डेपोच्या मागच्या गल्लीत त्याचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. या बाकावर केस कापायला आलेली माणसं कमी आणि पेपर वाचायला आलेली जास्त. त्याला एक्सप्रेस हे नाव याच बाकाने ठेवलं. आधी ते कौतुकाने ठेवलं होतं. पुढे कौतुक गेलं, नाव तेवढं राहिलं.

झालं असं की शहरात दरवर्षी एकवीस किलोमीटरची शर्यत व्हायची आणि एक्सप्रेस तीत पहिल्यांदा उतरला तेव्हा सुरुवातीला चक्क सगळ्यांच्या पुढे होता. बाकावरच्या दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाण्याच्या टाकीपाशी मात्र त्याच्या पायांनी संप पुकारला. आता या शर्यतीच्या सगळ्यात मागून एक बस येते. रस्ता ठरल्या वेळी मोकळा करून द्यायचा असतो, म्हणून जो बसच्या मागे पडतो त्याला ती उचलून घेते आणि शेवटच्या कमानीपाशी नेऊन सोडते. एक्सप्रेस बसमधून उतरला आणि नेमका बाकावरच्या मंडळींसमोर उतरला. दुसऱ्या वर्षी त्याने चूक सुधारली, म्हणजे आणखी जोरात सुरुवात केली. त्या वर्षी टाकीसुद्धा आली नाही.

त्याला जिंकायचं बिंकायचं नव्हतं हो. एकदा, फक्त एकदा, त्या बसच्या पुढे राहून स्वतःच्या पायांनी कमानीखालून जायचं होतं. यंदा नाही जमलं तर कानाला खडा, पुन्हा बुटांना हात लावणार नाही, असं त्याने भर दुकानात जाहीर केलं होतं. असं जाहीर करायची काही गरज नव्हती. पण वस्तरा हातात असला की माणसाला वाटतं, आपलं सगळे ऐकतायत.

सरावात तो कमी पडत नव्हता, उलट अतीच करत होता. रोज पहाटे उठून जीव तोडून पळायचा आणि घरी येऊन ओट्याला धरून उभा राहायचा. हळू पळणं म्हणजे शुद्ध फसवणूक, असं त्याचं ठाम मत होतं.

मग त्याच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, स्वतःसाठी नवीन घड्याळ घेतलं आणि जुनं याला दिलं. पळणाऱ्यांचं घड्याळ. किती अंतर गेलात, किती वेगाने गेलात, छातीचे ठोके किती पडतायत, रात्री झोप कशी झाली, सगळं टिपून ठेवणार आणि सकाळी फोनवर सांगणार की बाबा रे, आज जोरात पळ, किंवा आज दमाने घे. ठोके मर्यादेबाहेर गेले की मनगटाला गुदगुल्या झाल्यासारखं थरथरायचं. पहिल्या दिवशी एक्सप्रेस गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आतच ते थरथरायला लागलं. त्याला वाटलं, बिघडलेलंच दिलंय मेहुण्याने.

“बिघडलं नाहीये, दाजी,” मेहुणा फोनवर म्हणाला. “ते सांगतंय की तुम्ही हळू जा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप न लागता. तो तुमचा रोजचा वेग.”

एक्सप्रेसने दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. पळता पळता तो मोठ्याने म्हणाला, “मागून बारीक करू की मशीन मारू?” वाक्य पूर्ण होईपर्यंत वेग इतका उतरला की फिरायला निघालेल्या दोन आजीबाई त्याला ओलांडून गेल्या. त्यातल्या एकीने वळून पाहिलं आणि सांगितलं की मशीन नको.

लाज वाटली, पण तो रोज ऐकत गेला. कारण घड्याळ रोज सकाळी तेच सांगत होतं. झोप अपुरी. शरीर थकलेलं. आज हलकंच पळा. कधी कधी तर, आज पळूच नका. एक्सप्रेसला स्वतःला थकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं, पण यंत्र खोटं कशाला बोलेल? ते काय त्याचं नातेवाईक होतं?

आता घड्याळाची वहिवाट सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. त्याची बायको वृद्धांच्या निवासात कामाला होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक वळवून झाला की दुसरा, मग तिसरा, मग पुन्हा पहिला. कामावर फोन जवळ ठेवायचा नाही हा तिथला नियम, आणि भिंतीवरचं घड्याळ होतं लांब व्हरांड्याच्या टोकाला. मनगटावर थरथरून वेळ सांगणारं घड्याळ म्हणजे तिच्यासाठी देवच पावला. म्हणून एक्सप्रेस पहाटे पळून आला की घड्याळ काढून तिला द्यायचा, ती ते घालून कामावर जायची. संध्याकाळी तेच घालून भांडी घासायची. रात्रीही तेच घालून झोपायची, कारण पहाटे ते आवाज न करता तिला उठवायचं आणि सासऱ्यांची झोप मोडायची नाही. मग ती एक्सप्रेसला हलवून उठवायची आणि घड्याळ त्याच्या हाती द्यायची.

म्हणजे घड्याळ एक्सप्रेसच्या मनगटावर असायचं पळण्यापुरतं. उरलेला सगळा वेळ ते तिच्या हातात. आणि तरी त्याच्या मनात कधी आलं नाही की फोनवर येतंय ते कोणाबद्दल येतंय. घड्याळ आपलं, तेव्हा ते आपल्याबद्दलच बोलणार, इतका सरळ हिशोब. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

घड्याळ म्हणालं थकवा आहे, म्हणून त्याने दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बाकावर आडवं व्हायला सुरुवात केली. पेपर वाचणारे उठून पायरीवर बसले. घरी त्याने सांगून टाकलं, “अगं, मला जरा दूध वाढव. अंडी पण घाल रोज. शरीर भरून येत नाहीये माझं.”

“काय होतंय?” बायकोने विचारलं.

“मला काही होत नाहीये. घड्याळ म्हणतंय.”

ती कामावरून आलेली, अजून चपलाही काढल्या नव्हत्या. तिने दूध तापवायला ठेवलं.

मग त्याला आणखी एक शोध लागला. रात्रीच्या झोपेच्या आलेखात रोज दोन खाचा दिसायच्या. घड्याळाच्या म्हणण्याप्रमाणे तो रात्रीतून दोनदा उठत होता, थोडं चालत होता आणि परत झोपत होता. एक्सप्रेसला यातलं काहीएक आठवत नव्हतं. दोन दिवस त्याने विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बाकाला खाजगीत सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत डेपोत सगळ्यांना कळलं, की आपण झोपेत चालतो.

“मी रात्री उठतो का गं?” त्याने बायकोला विचारलं.

“तुम्ही?” ती म्हणाली. “तुमच्या अंगावर छप्पर पडलं तरी तुम्ही कूस बदलून झोपाल.”

यावर त्याने असा निष्कर्ष काढला की तो इतक्या अलगद चालतो की तिलाही पत्ता लागत नाही. त्याने झोपायच्या आधी दाराला आतून कडी लावून वर बादली टेकवायला सुरुवात केली. रोज सकाळी बादली जागेवरच असायची. घरातल्या घरात चालत असणार, त्याने ठरवलं.

एवढं सगळं चुकीचं चालू असताना त्याचं पळणं मात्र सुधारलं. हे लक्षात घ्या. इतकी वर्षं तो रोज स्वतःला पिळून काढत होता, आता सक्तीने हळू पळत होता, सक्तीने आराम करत होता. त्याच रस्त्यावर, त्याच ठोक्यांत, त्याचा वेग हळूहळू वाढत गेला. एका रविवारी तो पाण्याच्या टाकीच्या पुढे जाऊन परत आला आणि घरी ओट्याला धरावंसुद्धा लागलं नाही. त्या दोन आजीबाई आता मागे पडायच्या. यंदा जमतंय, असं त्याला पहिल्यांदाच आतून वाटलं.

शर्यतीला काही आठवडे उरले असताना शाळेतले पीटीचे मास्तर केस कापायला आले. सलूनमधला शर्यतीचा जाणकार म्हणजे तेच. एक्सप्रेसने त्यांच्या अंगाला कापड बांधलं, डावी बाजू कापून काढली आणि मोठ्या अभिमानाने फोन त्यांच्या हातात दिला.

मास्तरांनी बराच वेळ बघितलं. मग आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

“दिवसभरात इतकं चालता? या दुकानात?”

खुर्चीपासून बेसिनपर्यंत दोन ढांगा. एक्सप्रेसने मान हलवली.

“आणि हे बघा, थोड्या थोड्या वेळाने ठोके एकदम वर जातायत. वजन उचलता का?”

“कात्री उचलतो.”

“रात्री दोनदा उठता.”

“झोपेत चालतो मी,” एक्सप्रेस आवाज खाली आणून म्हणाला. “शर्यत झाली की डॉक्टरला दाखवणार आहे.”

मास्तरांनी फोन मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, “पळून आल्यावर घड्याळ कुठे असतं?”

“बायकोच्या हातात. तिला कामावर लागतं.”

“आणि रात्री?”

“तिच्याच हातात.”

बाकावरचा पेपर खाली झाला. मास्तर शांतपणे म्हणाले, “अहो, मग हे तुमचं नाही. पहाटेचं पळणं तेवढं तुमचं. बाकी हे सगळं वहिनींचं आहे.”

एक्सप्रेसने मास्तरांची उजवी बाजू कापली. ती डावीपेक्षा आखूड झाली.

रात्री दोनदा कोण उठतं हे त्याला आता कोणी सांगायला नको होतं. त्याचे वडील आतल्या खोलीत झोपायचे. पायात जोर नव्हता, आणि रात्री त्यांना मोरीपर्यंत धरून न्यावं लागायचं. न्यावं लागतं हे त्याला माहीत होतंच. कोणीतरी नेत असेल, इतकंच तो आजवर धरून चालला होता.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या करत होती. तो समोर बसला आणि म्हणाला, “तू दमतेस.”

“कोण म्हणालं?”

“घड्याळ.”

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही.

“इतकी वर्षं तुमच्या शेजारी झोपते,” ती म्हणाली. “तुमच्याच समोरून जाते, तुमच्याच समोर येते. आणि मी दमते हे तुम्हाला माझ्या भावाने दिलेल्या जुन्या घड्याळाने सांगितलं.”

“मला वाटलं मीच दमलोय.”

“हो. दूध तापवत होते ना मी.”

त्याला लाज वाटली. आजीबाईंनी ओलांडल्यावर वाटली होती ती लाज किरकोळ होती, ही खरी होती. तिचा थकवा मोजला जायचा आणि आराम हा करायचा. तिच्या अपुऱ्या झोपेवर याचा वेग वाढला होता. ती पुन्हा घड्या घालायला लागली, आणि त्याने एक टॉवेल उचलून घातलेली घडी तिने मोडून पुन्हा घातली.

त्या रात्रीपासून तो फोन थरथरता ठेवून उशीखाली घ्यायला आणि रात्री उठायला लागला. पहिल्या रात्री वडिलांनी त्याला पाहिलं आणि विचारलं, “तू कशाला? ती कुठेय?”

“झोपलीय.”

“तिलाच बोलव. तू दिवा डोळ्यांवर लावतोस. ती टॉर्च पायाशी धरते.”

त्याने टॉर्च पायाशी धरली. “आणि मला ओढू नकोस,” म्हातारा म्हणाला. “मी काही शर्यतीत नाही.” तर तो म्हाताऱ्याच्या चालीने चालला, आणि मोरीपर्यंतची वाट किती लांब आहे हे त्याला त्या रात्री कळलं.

गंमत बघा, झोप मोडायला लागली आणि पाय जड झाले. आता तो खरोखरच दमला होता, आणि हे सांगायला कुठलंच यंत्र नव्हतं. टाकीपर्यंत जाताना धाप लागायला लागली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. “शर्यत तोंडावर आलीय आणि तुम्ही झोप मोडताय? ती बस उभीच आहे बघा तुमच्यासाठी.” बायकोही म्हणाली, “शर्यत होईस्तोवर मी उठते. मला सवय आहे.”

“आणि मग?” त्याने विचारलं.

“मग बघू.”

“तुझी सवय मोडायचीय मला,” तो म्हणाला आणि बूट घालून निघून गेला. असलं काही बोलून झाल्यावर समोर उभं राहायची त्याला सवय नव्हती.

पण तिची सवय मोडेना. तो उठायचा, वडिलांना नेऊन आणायचा, आणि सकाळी फोनवर बघायचा तर खाचा तिथल्या तिथेच. ती अंथरुणात जागी पडून कान देत असायची, म्हातारा पडला तर नाही ना, याने टॉर्च नीट धरली ना. म्हणजे आता घरातली तिन्ही माणसं जागी. शर्यतीचा आठवडा उजाडला तरी यात फरक पडला नाही. एक्सप्रेसने धीर सोडला असं नाही म्हणणार मी, पण दुकानात शर्यतीचं नाव काढणं त्याने बंद केलं. बाकानेही विषय काढला नाही, आणि बाक विषय काढत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्याला समजत होतं.

शर्यतीच्या पहाटे वडिलांना झोपवून तो परत आला आणि पाहतो तो काय, ती गाढ झोपलेली. कान देऊन पडलेली नाही. तोंड किंचित उघडं, एक हात उशीवर, श्वास संथ. रविवार, तिची सुट्टी. घड्याळ त्याच उशीवरच्या हातात.

त्याला ते हवं होतं. घड्याळाशिवाय तो कधी लांब पळालाच नव्हता. सुरुवातीच्या गर्दीत त्याला आवरणारं तेच होतं. ते नसलं की तो काय करतो हे अख्ख्या डेपोला माहीत होतं. तो वाकला, पट्ट्याला बोट लावलं. पट्टा घट्ट होता, ओढला असता तर ती जागी झाली असती, आणि जागी झाली असती तर उठून त्याच्यासाठी चहा टाकला असता. तो थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग बूट हातात घेऊन बाहेर पडला आणि जिन्यात बसून घातले.

शर्यत सुटली तेव्हा सगळे त्याला ओलांडून गेले. सगळे म्हणजे सगळे. पाय पुढे जायला बघत होते. तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला, “मागून बारीक करू की मशीन मारू?” वाक्य पूर्ण आलं तेव्हा तो तसाच पळत राहिला. शेजारून जाणाऱ्या एकाने त्याच्याकडे बघून थोडं अंतर ठेवलं.

पाण्याच्या टाकीपाशी मागून बस आली. ड्रायव्हर डेपोतलाच, त्याच्याच खुर्चीत केस कापणारा. त्याने दार उघडलं.

“या, जागा ठेवलीय.”

“आज नको.”

“मी थांबू शकत नाही हां. मला वेळ दिलेली आहे.”

“थांबू नको. दाढी वाढलीय तुझी.”

“मंगळवारी येतो.”

“ये. सोमवारी बंद असतं.”

एवढं बोलता आलं म्हणजे वेग बरोबर आहे, हे त्याला समजलं. ड्रायव्हरने दार लावलं. तिथून पुढे बस त्याच्या मागे आणि तो बसच्या पुढे, असे दोघे शहरभर गेले. शेवटच्या चढावर पायात गोळे आले, डोळ्यांपुढे रस्ता हलायला लागला. खाली बसावंसं वाटत होतं. रात्रीच्या रात्री उठून दिवसभर माणसं उचलणाऱ्या बाईला कुठली बस येत होती, असं त्याच्या मनात आलं आणि तो चालायचा थांबला नाही. पळणं संपलं होतं, तो आता चालत होता, वडील चालतात तसा, एक पाऊल, मग दुसरं. कमान सोडायला शिड्या लावल्या होत्या. शिडीवरचा माणूस म्हणाला, “जरा बाजूने जा.” तो मधून गेला. बस मागोमाग आली. पदकं संपली होती.

घरी आला तेव्हा वडील भिंतीला धरून दारापर्यंत येऊन बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ऊन पार आतपर्यंत आलं होतं आणि ती अजून झोपलेली होती. तो पलंगाच्या कडेला बसला, आणि त्या हालचालीने तिला जाग आली.

“किती वाजले?” ती दचकून म्हणाली. मग मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “हे माझ्या हातात कसं? तुमची शर्यत होती ना? मला उठवलं का नाहीत?”

“झोपली होतीस.”

“मग पळालात कसे?”

“हळू.”

तिने त्याचे पाय पाहिले, चेहरा पाहिला. “झाली पुरी?”

“झाली.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते शर्यतीचं होतं की झोपेचं, त्याने विचारलं नाही. तिने डोळे पुसले आणि उशाशी राहिलेला त्याचा फोन उचलला. त्यावर काहीतरी लिहून आलं होतं, ते तिने वाचून दाखवलं. “झोप उत्तम झाली. शरीर ताजंतवानं आहे. आज लांबचं आणि जोरात पळायला चांगला दिवस आहे.” वाचून झाल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. “आता काय करू?”

“पड अजून थोडी,” तो म्हणाला आणि उठता येत नव्हतं तरी उठून चहा टाकायला गेला.